इंटरनेटचा पाट

नाशिक शहरातून गंगापूर रोडने पश्चिमेकडे निघालात, म्हणजे आधी महाविद्यालये लागतात, मग आकाशवाणीचा मनोरा दिसतो, पुढे गंगापूर गाव, गोवर्धन, मुक्त विद्यापीठ आणि गोदावरीवरचे मातीचे धरण. हे धरण १९६५ साली पुरे झाले. आता धरणात पाणी साठले म्हणून लगेच सगळे शिवार भिजले, असे काही होत नाही. धरणातून कालवा निघावा लागतो, कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून शेतचारी. आणि एवढे सगळे झाल्यावरही आवर्तनाचे पाणी आधी कोणाला मिळते? ज्याचे शेत तोंडाशी असेल त्याला. टेलच्या शेतकऱ्याला विचाराल, तर तो म्हणेल, “पाणी सुटल्याचं कानावर आलंय बुवा, डोळ्यांनी अजून पाहिलं नाही.”

आज मी तुमच्याशी बोलणार आहे तो इंटरनेटविषयी. कोणी त्याला आंतरजाल म्हणतात, कोणी महाजाल. पण हा पाण्याचा पाट तेवढा मनात असू द्या. कारण इंटरनेट जगभर पसरले ते अगदी पाटाच्या पाण्यासारखे: तोंडाशी आधी, शेपटाला शेवटी. आणि पाटाच्या पाण्याचा जो धडा, तोच त्याचाही. वेशीपर्यंत येणे हे निम्मे काम, त्याने पीक निघणे हे उरलेले निम्मे.

प्रथम हे जाळे आहे तरी काय, ते पाहू. समजा, तुम्हाला शंभर पानांची वही मुंबईच्या भावाला पोस्टाने पाठवायची आहे. तुम्ही एकेक पान वेगळ्या पाकिटात घातले, प्रत्येकावर पत्ता लिहिला आणि ‘पान पहिले’, ‘पान दुसरे’ असे आकडे घातले. आता काही पाकिटे इगतपुरीवरून गेली, काही पुण्यावरून वळसा घालून गेली, तरी बिघडले कुठे? भावाने आकडे पाहून पाने लावली की वही तयार. एखादे पान हरवले, तर तो कळवील, “सदतिसावे पुन्हा पाठवा.” इंटरनेटचे सारे रहस्य एवढेच. पूर्वी ट्रंक कॉल लागला, की दोघे बोलोत वा गप्प बसोत, सारी लाइन त्यांचीच होऊन बसे. पाकिटांच्या युक्तीने एकाच तारेवरून शेकडो लोकांचे टपाल एकाच वेळी जाऊ लागले. १९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस या दोघांना ही कल्पना निरनिराळी सुचली.

तिचा पहिला प्रयोग झाला २९ ऑक्टोबर १९६९ रोजी. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने ‘अर्पानेट’ नावाचे जाळे विणले जात होते. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाला ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. इंग्रजी ‘एल’ गेले, ‘ओ’ गेले, आणि पलीकडचे यंत्र बंद पडले! तासाभराने पुन्हा खटपट केली, तेव्हा जमले. त्या वर्षाअखेर या जाळ्यात किती ठिकाणे होती? फक्त चार.

पुढची हकीकत मोठी बोधप्रद आहे. हे जाळे बांधले होते ते एका विद्यापीठाचा महागडा संगणक दुसऱ्या विद्यापीठाला दुरून वापरता यावा म्हणून. पण १९७१ साली रे टॉमलिन्सन नावाच्या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठवण्याची सोय केली. दोन वर्षांनी पाहणी केली, तर जाळ्यावरच्या वाहतुकीत सुमारे तीन चतुर्थांश वाटा एकट्या पत्रांचा निघाला! बांधणाऱ्यांचा हेतू एक होता, वापरणाऱ्यांची गरज दुसरी होती. शेवटी गरजच खरी ठरली. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती आपल्याला महाराष्ट्रातही पुन्हा भेटणार आहे.

१९७३ साली जाळ्याचा धागा नॉर्वेला आणि लंडनला पोचला. पण निरनिराळ्या जाळ्यांचे एकमेकांशी बोलायचे कसे? व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी त्यासाठी एक सामाईक नियमावली रचली आणि १ जानेवारी १९८३पासून अर्पानेटने ती पत्करली. त्यानंतर विद्यापीठांना जोडणारे मोठे अमेरिकन जाळे देशोदेशी पसरू लागले. त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. १९८८ साली कॅनडा, फ्रान्स, डेन्मार्क, स्वीडन वगैरे देश जोडले गेले. १९८९ साली जपान, जर्मनी, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको. १९९० साली ब्राझील, कोरिया, स्पेन, ग्रीस, आणि त्याच यादीत आपला भारत. आफ्रिकेतला एरिट्रिया हा देश मात्र जोडला जायला २००० साल उजाडले. दरम्यान जिनीव्हाच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली ‘वेब’ची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ती सर्वांना फुकट वापरू देण्याचे जाहीर केले. शब्दावर बोट ठेवावे आणि दुसरे पान उघडावे, ही सोय तिथून आली. त्यावर हक्काची मोहोर आणि शुल्क बसले असते, तर आजचे चित्र फार वेगळे दिसले असते.

आता आपल्या घराकडे वळू. “भारतात इंटरनेट केव्हा आले?” असे विद्यार्थ्याने विचारले, तर बहुतेक ठिकाणी १५ ऑगस्ट १९९५ ही तारीख सांगतात. ती चूक नाही, पण त्याआधीही एक प्रकरण आहे. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ‘अर्नेट’ ही शिक्षण आणि संशोधनाची योजना सुरू केली. मुंबईला जुहूवर राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते. डॉ. श्रीनिवासन रमाणी तिथले प्रमुख. हे केंद्र आणि पवईची आय.आय.टी. यांच्यामध्ये १९८७च्या सुमारास संगणकी पत्रे जाऊ-येऊ लागली. अंतर पाहिले तर एका शहरातले, पण आपल्या मातीतला हा पहिला पाट! पुढे तो समुद्रापार नेऊन जोडला. तरीही ते पाणी विद्यापीठांच्या आणि संस्थांच्या आवारातच खेळत होते.

सामान्य माणसाला दार उघडले ते १९९५च्या स्वातंत्र्यदिनी. परदेशी तार आणि टेलिफोन पाहणाऱ्या विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा मोठ्या शहरांत ही सेवा सुरू केली. मुंबई आधी का? कारण तारांचे तोंड तिथे होते. १८७० साली सुएझ आणि एडनवरून येणारी तारायंत्राची समुद्री केबल मुंबईलाच येऊन लागली होती. सव्वाशे वर्षांनंतरच्या नव्या केबलीही त्याच किनाऱ्यावर उतरल्या. शिवाय नाशिक-पुणे रस्त्याने जाताना नारायणगावजवळ आर्वी लागते. तिथे उपग्रहाशी बोलणारी मोठी तबकडी उभारून तिला विक्रम साराभाईंचे नाव दिले गेले. तिथून परदेशचे टेलिफोन जात. म्हणजे जुन्या पाटातूनच नवे पाणी सोडले गेले.

आणि ते पाणी होते तरी किती? टेलिफोनच्या तारेला मॉडेम नावाची डबी जोडायची, नंबर फिरवायचा, मग डबी किंचाळू लागायची. लाइन मिळाली तर मिळाली. मिळाली तरी मध्येच तुटायची, आणि तेवढा वेळ घरचा टेलिफोन बंद. वेग सेकंदाला ९,६०० बिट. एका इंग्रजी अक्षराला आठ बिट धरले, तर सेकंदाला बाराशे अक्षरे. साधे पत्र दोन-चार सेकंदांत येई, पण शंभर किलोबाइटांचे एक छायाचित्र यायला जवळजवळ दीड मिनिट. नुसती अक्षरे दाखवणारे खाते वर्षाला पाच हजार रुपयांच्या घरात, चित्रे दाखवणारे पंधरा हजारांच्या. टेलिफोनचे बिल वेगळेच. प्राथमिक शिक्षकाच्या तेव्हाच्या पगाराशी हे आकडे ताडून पाहा, म्हणजे तोंडाशी कोण होते आणि शेपटाला कोण, ते सांगावे लागणार नाही. ज्या गावी सेवेचे केंद्र नव्हते, तिथल्या माणसाला तर एस.टी.डी. लावून मोठ्या शहराचा नंबर फिरवावा लागे. बोलायचे अमेरिकेशी, आणि बिल मात्र मुंबईशी बोलल्याचे!

नोव्हेंबर १९९८मध्ये खासगी कंपन्यांनाही परवाने मिळू लागले. दर उतरले, आणि गावोगाव सायबर कॅफे नावाची दुकाने निघाली. तासाचे पैसे द्यायचे, लाकडी कप्प्यात बसायचे. गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवरच्या विद्यार्थ्यांचा या जाळ्याशी पहिला परिचय घरी नव्हे, अशाच भाड्याच्या खुर्चीवर झाला.

याच रस्त्यावर, धरणाच्या अलीकडे, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ साली स्थापन झाले. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ज्याला शेत सोडता येत नाही, जिला चूल सोडता येत नाही, ज्याची शाळा पंधराव्या वर्षीच सुटली, त्याच्या दारी शिक्षण न्यावे, हा त्यामागचा विचार. तेव्हा साधने कोणती होती? घरी वाचून समजतील अशी छापील पुस्तके, पोस्ट, आणि गावोगावच्या महाविद्यालयांत भरणारी अभ्यासकेंद्रे. लक्षात घ्या, ज्या वर्षी जिनीव्हात वेबचा आराखडा कागदावर उतरत होता, त्याच वर्षी गोदाकाठी ही दूरशिक्षणाची चारी खणली जात होती. दोघांना एकमेकांची वार्ता नसेल, पण नंतरच्या काळात जाळ्याचे पाणी अशा आधी खणलेल्या चाऱ्यांतूनच वाहिले. जिथे चारी नव्हती, तिथे ते वाहून गेले.

याचा पुरावा आपल्या आकाशवाणीच्याच इतिहासात आहे. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे, असे वीस कार्यक्रम झाले. गावातली वीसएक मंडळी चावडीत किंवा शाळेत जमत, कार्यक्रम ऐकत, मग आपसात चर्चा करत आणि शंका केंद्राला लिहून पाठवत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. त्यांनी तीन तऱ्हेची गावे ताडून पाहिली: जिथे अशी मंडळे होती ती, जिथे नुसता रेडिओ होता ती, आणि जिथे दोन्ही नव्हते ती. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी. यंत्र तेच, आवाज तोच. फरक पडला तो एकत्र बसण्याने आणि उलट प्रश्न विचारण्याने.

आता वारणेकाठी चला. १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणा खोऱ्यातल्या सुमारे सत्तर गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ म्हणून एक प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था, सगळ्यांनी हात लावला. गावात संगणकाची केंद्रे निघाली. बाजारभाव, पीकसल्ला, सरकारी दाखले, आरोग्य, नोकरीची माहिती, सारे काही तिथे मिळावे, असा मोठा बेत. प्रत्यक्षात शेतकरी तिथे येऊन काय विचारत? “आमचा ऊस किती टन भरला? बिल किती झालं? खताचं काय?” साखर कारखान्याचे हिशेब गावातच कळू लागले आणि कारखान्यावरचे हेलपाटे वाचले. बाकीच्या बऱ्याच गोष्टी कागदावर राहिल्या. पुढे काही वर्षांनी संशोधकांनी पाहिले, की या कामाला संगणक तरी कशाला हवा? काही गावांत त्यांनी साध्या मोबाइलच्या संदेशावर तीच माहिती देऊन पाहिली. काम भागले, आणि खर्चही पुष्कळ कमी आला.

कोणी म्हणेल, मग तो प्रकल्प फसला म्हणायचा. मला तसे वाटत नाही. अर्पानेटची गोष्ट आठवा. तिथे विद्वानांनी पत्रे लिहिली, इथे शेतकऱ्यांनी उसाचे वजन विचारले. दोघांनीही जाळ्याला आपले काम सांगितले. ज्या जाळ्याला गावाचे काम सांगता येत नाही, त्या जाळ्याची यंत्रे धूळ खात पडतात.

नाशिककरांना जवळचा दाखला हवा असेल, तर द्राक्षांचा घ्या. २००३ साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि माल अडला. त्यानंतर अपेडा या केंद्र सरकारच्या संस्थेने २००६ साली ‘ग्रेपनेट’ सुरू केले. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद, तिला क्रमांक, नमुन्याचा प्रयोगशाळेतला अहवाल, पॅकहाउसची नोंद, सगळे एका जाळ्यावर. युरोपातल्या गोदामात पेटी उघडली, तर ती कोणत्या बागेतून आली, हे मागे मागे जाऊन सापडते. बागाईतदाराने संगणक शिकला तो हौसेने नव्हे, माल अडू नये म्हणून. आणि गरजेने शिकलेले माणूस विसरत नाही.

अजून एक अडसर होता, तो भाषेचा. सुरुवातीचे सारे जाळे इंग्रजीत. मराठी पाने आली, तीही अशी, की प्रत्येक वृत्तपत्राचा अक्षरसंच निराळा. तो आपल्या संगणकात आधी उतरवून घ्यायचा, नाहीतर मराठीच्या जागी चौकोन आणि खिळेमोळे दिसायचे. जगातल्या सर्व लिप्यांना एकच क्रमावली देणारे युनिकोड १९९१ साली निघाले, त्यात देवनागरी होती. पण ते सर्वांच्या यंत्रांत रुजायला दहा-पंधरा वर्षे गेली. मराठी विकिपीडिया सुरू झाला २००३ साली, तोही १ मे या महाराष्ट्रदिनी. पगार न घेता, फावल्या वेळात लिहिणाऱ्यांनी तो उभा केला. पाट आला तरी बियाणे आपले आपणच पेरायचे असते, याचे हे चांगले उदाहरण.

त्यानंतरची कथा तुमच्या डोळ्यांसमोरची आहे. ऑप्टिकल फायबरची केबल देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत न्यायची, अशी योजना केंद्राने २०११ साली मंजूर केली. पुढे तिलाच ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. २०१६ पासून मोबाइलवरचा डेटा एकाएकी स्वस्त झाला, आणि जे सायबर कॅफेत तासाने विकत मिळत होते, ते गुराख्याच्या खिशात आले. टेलला पाणी पोचले, असे आपल्याला वाटू लागले.

तेवढ्यात २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, आणि खरी परीक्षा झाली. वर्ग मोबाइलवर गेले. घरात फोन एक, तो बापाबरोबर शेतावर. मुले तीन. रेंज शोधत पोरे टेकडीवर, झाडाखाली, रस्त्याच्या कडेला बसली. ज्या घरी फोन नव्हता, तिथल्या मुलाचे वर्ष कोरडे गेले. गुरुजी, बाई, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिले आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी त्या दिवसांत वाडीवस्तीवर जाऊन, ओट्यावर, देवळात मुले बसवून शिकवले. तेव्हा कळले, की जाळे तुटले तरी शाळा चालते, पण शिक्षक नसला तर नुसत्या जाळ्याने ती चालत नाही.

आणि शिक्षकाच्या हाती जाळे आले, तर काय होते? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यू.आर. संकेत छापण्याची युक्ती केली. फोन त्यावर धरला, की धडा बोलू लागे, कविता ऐकू येई. पुढे ही पद्धत राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम शेवटच्या फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वाडीतल्या एका शाळेने सोडलेले पाणी असे उलट्या दिशेने, शेपटाकडून तोंडाकडे गेले.

श्रोतेहो, नाशिक-धुळ्याकडे मोसम, पांझरा या नद्यांवर फड पद्धत आहे, ती तुम्हाला ठाऊकच असेल. बंधाऱ्याचे पाणी कोणाला, केव्हा, किती, हे गाव मिळून ठरवते, आणि पाटकरी ते पोचवतो. तिथे पाण्याइतकीच त्या गावकीची किंमत आहे. इंटरनेटलाही आता अशी गावकी हवी आहे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. आठवड्यातून एकदा शाळेत किंवा ग्रामपंचायतीत दहा-वीस माणसे जमवा. मोठा पडदा नसला तरी एक फोन पुरे. त्या दिवसाचा एकच प्रश्न ठरवा: सातबारा कसा पाहायचा, कांद्याचा लासलगावचा भाव कुठे मिळतो, पीकविम्याचा अर्ज कसा भरायचा, मुक्त विद्यापीठात नाव कसे घालायचे. ज्याला येते त्याने दाखवावे, पण बोट शिकणाऱ्याचे असावे. आलेली बातमी पुढे ढकलण्याआधी ती कोणी लिहिली आणि केव्हाची, हे पाहायला शिकवा. बँकेच्या नावाने कोणी फोनवर गुप्त आकडा मागितला, तर तो देऊ नये, हे म्हाताऱ्या माणसांना दोनदा समजावून सांगा. आणि आपल्या गावाची एखादी गोष्ट, नदी, पीक, जुने देऊळ, बोलीतले शब्द, मराठीत लिहून त्या जाळ्यावर घाला. नुसते घेणारे गाव नेहमी टेललाच राहते.

चार ठिकाणांपासून निघालेले हे जाळे तुमच्या वेशीशी यायला जवळजवळ अर्धे शतक लागले. पुढच्या शंभर पावलांना तेवढा वेळ लागू नये. ती शंभर पावले सरकारच्या केबलीने संपणारी नाहीत. ती तुमच्या शाळेच्या दारापासून शेवटच्या झोपडीपर्यंतची आहेत, आणि ती चालणारे पाटकरी तुम्हीच आहात.